केवळाबाईची अर्धी ओवी

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी केवळाबाईसाठी फोन आला. केवळाबाईला जाऊन अकरा महिने झाले होते.

भामानं चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवलं, पुढचं दार रोजच्यासारखं अर्धं उघडलं आणि दुसऱ्या घंटीला फोन उचलला. आई गेल्यापासूनची ही सवय होती. दार उघडं असलं की आवाज फोनमधून न येता अंगणातून आल्यासारखा वाटायचा.

"नमस्कार, केवळाबाई," यंत्रातली बाई म्हणाली. "आधी तुमचा पहिला आवाज ऐका. मग तसंच म्हणा."

आणि आई गायली.

हळदीच्या रानात, पिवळं झालं ऊन
लेकीची वाट बाई, पाहते दारातून...

'दारातून'मधला ऊ लांबत लांबत जायचा आणि विळ्यानं कापल्यासारखा तुटायचा. वीस सेकंद. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी, आणि अगदी शेवटी आईच्या हसण्याचा एक तुकडा, अर्धाच. तेवढ्यात आधण उतू गेलं. भामा गॅस बंद करायला धावली, परत आली, तोवर शिट्टी आणि हसू दोन्ही निसटली होती. उद्या ऐकू, असं तिच्या मनात आलं.

मग तिनं आईसारखा गळा केला. थोडा नाकातून, 'वाट' म्हणताना जरासा अडकणारा. ओवी म्हटली. रोज यावर उत्तर यायचं, 'केवळाबाई, तुमचा आवाज निरोगी आहे.' आज यंत्र थांबलं. फार वेळ थांबलं.

"केवळाबाई, तुमच्या आवाजात दोष आढळला आहे. घराबाहेर पडू नका. आवाजसेविका तुम्हाला भेटायला येतील."

उमरदरा गावची आवाजसेविका भामाच होती. तिच्या कमरेचा सरकारी फोन थरथरला. त्यावर लाल खूण उमटली होती. केवळाबाई, वय चौऱ्याहत्तर. भेट द्या.

आईच्या नावावरची ही दुसरी लाल खूण. पहिली खूण आली तेव्हा आई जिवंत होती.

त्या आजाराला गाव मुका ताप म्हणायचं. डॉक्टरांकडं त्याचं लांबलचक नाव होतं, पण माणसाची बोलती आधी बंद व्हायची आणि श्वास मागून, म्हणून मुका ताप. गळ्यात स्वराच्या दोन पापण्या असतात. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटत असतात, बाईच्या गळ्यात सेकंदाला दोनशे वेळा. विषाणू पहिल्यांदा तिथंच घर करायचा. ताप यायच्या तीन-चार दिवस आधी त्या पापण्यांवर केसाहूनही बारीक सूज यायची, आणि दोनशे आपटण्यांमधली एखादी किंचित चुकायची. बोलणाऱ्याला कळायचं नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. यंत्राला कळायचं. त्याला फक्त त्या माणसाचा निरोगी असतानाचा आवाज हवा असायचा, ताडून बघायला.

म्हणून साथीच्या सुरुवातीलाच घरोघर पहिला आवाज नोंदवून घेतला. रोज सकाळी प्रत्येकाला फोन यायचा आणि प्रत्येकानं एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं: 'आज माझी तब्येत चांगली आहे, घरात सगळे सुखरूप आहेत.' घरात कुणी गेलं असलं तरी हेच वाक्य. ज्यांना वाक्य पाठ व्हायचं नाही अशा म्हाताऱ्या माणसांना सूट होती, येईल ते म्हणा.

केवळाबाई ओवी म्हणाली होती. भामा समोर फोन धरून बसली होती, तिला अजून चाळीस घरं करायची होती. वीस सेकंद होत आले तशी तिनं हात करून आईला मधेच थांबवलं, आई हसायला लागली आणि भामानं बटण दाबलं.

"बास आई, झालं."

"अगं, अर्धीच राहिली की!" आई हसत म्हणाली होती.

"उरलेली नंतर म्हण. यंत्राला एवढीच लागती."

अकराव्या दिवशी लाल खूण आली. चौदाव्या दिवशी आईचा आवाज गेला. गाडी न्यायला आली तेव्हा केवळाबाईनं काचेतून हातानं काहीतरी सांगितलं. दार लाव, असं काहीसं. भामाला गाडीत बसू दिलं नाही, चार दिवसांनी देहही दिला नाही.

गावातली बत्तीस माणसं त्या लाटेत गेली. गेलेल्याचं नाव यंत्रातून काढणं सेविकेचं काम. नाव निघालं की तो आवाजही एका दिवसात पुसला जायचा. मेलेल्यांच्या आवाजात लोकांनी भलतेसलते फोन केले होते, म्हणून तसा कायदाच झाला होता. भामानं एकतीस नावं काढली. बत्तिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि उचललं.

पहिले काही दिवस यंत्र म्हणायचं, 'आवाज जुळत नाही, पुन्हा म्हणा.' भामा पुन्हा म्हणायची. आईचा तो आवाज दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यायचंही तिनं करून पाहिलं, पण यंत्र त्यात असं काही मिसळायचं की उतरलेल्यात नुसती खरखर यायची. मग तिनं गळाच शिकून घेतला. भांडी घासताना, हळकुंडं निवडताना. सतराव्या सकाळी यंत्र म्हणालं, 'केवळाबाई, तुमचा आवाज निरोगी आहे.' भामा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

त्या दिवसापासून यंत्राच्या लेखी आई बरी होती.

आणि आज ती आजारी पडली होती.

भामा लाल खुणेकडं बघत राहिली. पाचच मिनिटं आधी, सातला, तिचा स्वतःचा फोन येऊन गेला होता. तिनं ते सुखरूपाचं वाक्य म्हटलं होतं आणि यंत्रानं तिला हिरवी खूण दिली होती. एकाच सकाळी, एकाच गळ्यातून.

सेविकेला तपासणी पुन्हा लावता यायची. तिनं स्वतःच्या नावावर लावली, वाक्य म्हटलं. हिरवी. आईच्या नावावर लावली, पण पहिला आवाज वगळून. सेविकेच्या फोनवरून तो ऐकू यायचाच नाही. ओवी गायली. लाल. मग तेच शब्द तिनं न गाता, बाजाराची यादी वाचावी तसे, भराभर म्हटले. हिरवी.

तिनं फोन खाली ठेवला.

बोलताना कुठलाच स्वर माणूस धरून ठेवत नाही. आ झाला की ब, ब झाला की इ, कसं उड्या मारत जातं बोलणं. मागच्या तापात ती किंचित चूक प्रत्येक स्वरात पडायची, तिला पकडायला एक वाक्य पुरायचं. या नव्या तापात गळा चुकत होता तो फार थोडा आणि फार उशिरा. तीन, चार सेकंद स्वर ताणला, तेव्हा कुठं एखादं पाऊल वाकडं पडत होतं. आणि गावात ताणून म्हणणारी माणसं उरली नव्हती. ती त्या बत्तिसांत गेली होती. सगळं गाव वाक्य म्हणत होतं, हिरवं होत होतं.

नव्वद दिवस सलग हिरवे. त्यामुळंच उद्यापासून सगळी बंधनं उठणार होती.

बाहेर मारुतीच्या पारावरचा भोंगा सुरू झाला. सरपंच दत्तराव बोखारे स्वतः बोलत होते. "गावकऱ्यांनो, उद्या रविवारी सकाळी नऊपासून नदीवरला पूल खुला. आपल्या बत्तीस जणांचा दुखवटा एकत्र, पारासमोर. बारा गावची पाव्हणीरावळी येणार हायत. मांडवाला माणसं कमी हायत, तरण्यांनी यावं."

नळावर पाणी भरणाऱ्या बायकांचं बोलणं कुडावरून आत येत होतं.

"पुन्हा येतोय म्हणं ताप. तिकडं परभणीकडं दोघंतिघं मुके झाले."

"येईना का. अकरा महिने झाले, माझ्या भावाला मी रडले नाही. ताप आला तर आला, आदी रडून घेते."

दुखवटा म्हणजे काय ते भामाला ठाऊक होतं. बायका वेशीतूनच हेल काढत येतात. घरातली बाई सामोरी जाते, गळ्यात गळा पडतो, गालाला गाल लागतो, आणि गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं खाणं, त्याचं रुसणं, लुगड्याचा नाहीतर फेट्याचा रंग सांगत सांगत दोघी रडतात. एक झाली की दुसरी. बत्तीस घरं, बारा गावं. स्वर ताणून, तोंडाला तोंड लावून.

फोन वाजला. नदीपल्याडच्या सोनवडीची शेवंतामावशी, आईची पाठची बहीण.

"उटलीस का गं? का सरकारी बाई अजून लोळतीय?"

"उठले की मावशी."

"आमी उद्या आठलाच पुलावर येऊन उभ्या राहणार. सात जणी हाव. मी पुरणाचं घेतलंय करायला. अक्काला आवडायचं ना, लई तूप घालून."

"मावशी, एवढ्या गर्दीत... थोडं थांबलं तर?"

"थांबलं तर? भामे, माझी बहीण मेली त्याला अकरा महिने झाले. पुलाच्या ह्या टोकाला येऊन मी तुमच्या गावाकडं तोंड करून बसले होते. पोलिसानं हाकलली. फोनवर काय रडायचं? मी नाही रडत फोनवर. रडायला गळा लागतो गं, गळ्याला गळा. तू तरी रडलीस का?"

भामा गॅसवर सांडलेलं आधण पुसत राहिली.

"बघ. उद्या येते आन तुला रडवते," मावशी म्हणाली. मग हलकेच, "तुजा आवाज अगदी अक्कासारका झालाय गं. मघाशी 'उठले' म्हणलीस, मला वाटलं तीच."

फोन ठेवल्यावर भामानं सरकारी फोन पुन्हा हातात घेतला. लाल खुणेखाली दोन चौकटी होत्या. 'भेट दिली, प्रकृती उत्तम.' आणि 'भेट दिली, डॉक्टरांना कळवा.' पहिलीवर बोट टेकवलं तर सगळं मिटत होतं. आपण अंग दुखतंय म्हणून घरात पडून राहायचं, मावशीला काहीतरी थाप मारायची. उद्या सात वाजून पाच मिनिटांनी आई पुन्हा गाणार होती.

पण हा ताप तिच्या गळ्यात आभाळातून पडला नव्हता. या गावातल्याच कुणाकडून तो आला होता, आणि तोही हिरवाच होता.

तिनं तोंडाला दुहेरी पदर बांधला आणि दवाखान्याकडं निघाली.

डॉक्टर इरफान देशमुख खिडकीशी आले. भामा दहा पावलं दूर, लिंबाखाली उभी राहिली.

"आत या ना भामाताई. उद्यापासून तर सगळंच खुलं आहे."

"आत येत नाही, डॉक्टरसाहेब. एक लाल आलंय. केवळाबाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या आई? त्या तर..." ते थांबले. "मेलेल्या माणसाच्या नावावर लाल येतं म्हणजे यंत्र बिघडलंय, ताई. मी तेवढं कळवतो. उगाच उद्याच्या तोंडावर गोंधळ नको. सरपंचांचे सकाळपासून चार फोन झालेत."

"यंत्र नाही बिघडलं. आईच्या नावावर रोज मीच गाते."

लिंबाची पिवळी पानं मधे पडत राहिली. भामानं सगळं सांगितलं. सतरा दिवसांचा गळा, एकतीस नावं, आजची दोन खुणांची सकाळ, ताणलेला ऊ.

"तुम्हाला कळतंय ना, हे लिहून दिलं की तुमचं काम जाईल? चौकशी होईल."

"कळतंय."

"जिल्ह्याला उद्याचं थांबवा म्हणायचं तर मला दाखवावं लागेल की हा लाल जिवंत माणसाचा आहे. म्हणजे केवळाबाईंची मृत्यूची नोंद आधी भरावी लागेल. आणि ती भरली की..." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "असं करू. उद्या सकाळी सात-पाचची वेळ होऊ द्या. तुम्ही एकदा नीट ऐकून घ्या. मग भरतो मी."

भामाला आधणाचा फसफसाट आठवला. शेवटचं हसू ऐकायचं राहिलं होतं.

"उद्या आठला माझी मावशी पुलावर येईल," ती म्हणाली. "आत्ताच भरा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. आवाज काहीच झाला नाही. भामाच्या हातातल्या फोनवरची लाल खूण तेवढी विझली.

दुपारपर्यंत डॉक्टरांनी मांडवाला आलेल्या माणसांनाच गाठलं. एकेकाला लांब उभं करून यंत्रापुढं नुसता 'आ' धरायला लावला, सहा सेकंद. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "गाढवाला द्या ना हे काम, छान करील." चाळिसांपैकी सतरा लाल निघाले. त्यांत सरपंच दत्तराव होते. ते मटकन ओट्यावर बसले. "सकाळी माजा आवाज भोंग्यातून पुऱ्या गावात गेला हो," ते म्हणत राहिले. "कुणाला काय कळलं नाही."

संध्याकाळी जिल्ह्यावरून आदेश आला. पूल बंदच राहणार. ठरलेलं वाक्य रद्द, आता सगळ्यांनी स्वर धरायचा. अर्धा मांडव तसाच उभा राहिला.

लोकांनी तो राग भामावर काढला. "मेलेल्या बाईला गायला लावती, हिच्यामुळंच भुताटकी झाली," असं कुणीतरी तिच्या कुडाबाहेर थांबून, तिला ऐकू जाईल असं म्हणालं. दवाखान्यातून गोळ्या आल्या, सोबत कामावरून थांबवल्याचा कागद. भामानं दोन्ही फळीवर ठेवलं.

रविवारी सात वाजता तिच्या नावावर फोन आला. तिनं 'आ' धरला, तो चौथ्या सेकंदाला फाटला. सात वाजून पाच मिनिटांनी तिनं पुढचं दार अर्धं उघडलं आणि फोनकडं बघत बसली. काही वाजलं नाही. दारातून ऊन आत आलं, शिजवलेल्या हळदीचा वास आला. सव्वासातला तिनं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही.

सोमवारी ताप चढला. मंगळवारी पहाटे पाणी मागायला म्हणून तोंड उघडलं, तर आत नुसता वारा. मागायलाही घरात कुणी नव्हतं. आईला गाडीत असंच झालं असणार, तिला वाटलं. काचेआड ओठ हलत होते, ते आठवलं.

त्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

भामा धडपडत उठली. अर्धं दार उघडलं. दुसऱ्या घंटीला फोन उचलला.

"भामे?" शेवंतामावशी होती. "बोलू नकोस. डॉक्टरानं काल सांगितलं मला, आजपर्यंत तुजा आवाज जाईल म्हणून. त्यानं बाकीचंबी सांगितलं. ऐकतीस का? फोनवर टिचकी मार."

भामानं नखानं टिचकी मारली.

"भवाने," मावशी म्हणाली. "रोज तिला गायला लावत होतीस व्हय? एकटीच ऐकत होतीस? मला कामून नाही बोलावलंस? मला एकदा ऐकवायची होतीस गं माजी अक्का..."

आणि फोनवर न रडणारी शेवंतामावशी फोनवर रडायला लागली. हेल काढून, लांबवर, नदीपल्याडच्या ओट्यावर बसून. अक्काचं हिरवं लुगडं, अक्काचं तूप, लहानपणी अक्कानं पाठीवर घेऊन ओलांडलेली नदी. भामा मधून मधून टिचकी मारत होती. आहे. ऐकतीय.

रडता रडता मावशीचा सूर बदलला, बसका झाला, थोडा नाकातून. तिच्याही नकळत ती गायला लागली.

हळदीच्या रानात, पिवळं झालं ऊन
लेकीची वाट बाई, पाहते दारातून...

ऊ लांबत गेला. भामाचं सगळं अंग आकसलं. अकरा महिने ज्या जागी विळा पडत होता ती जागा आली, पुढं कुकरची शिट्टी, अर्धं हसू, आणि मग काही नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

आवाज तुटला नाही. पुढं गेला.

आली माझी लेक, आता लाव बाई दार
मला गं जायाचं, माहेरी नदीपार

भामाचा हात फोनवर तसाच राहिला.

"ऐकतीस का गं?" मावशीनं विचारलं. "भामे? टिचकी मार की."

भामाच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण खांदे गदगदत होते, आणि फोनवर पाणी पडत होतं. मावशीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. ती पलीकडं तशीच बसून राहिली, फोन न ठेवता.

बऱ्याच वेळानं भामा उठली. अंगणात पिवळं ऊन पडलं होतं. त्यात कुणी नव्हतं. तिनं उंबऱ्यावर उभी राहून नदीच्या दिशेला एकदा पाहिलं, ओठांनीच ती पूर्ण ओवी म्हटली, आणि दार लावून आतून कडी घातली.